फ्लोराइडचं पाणी आणि वीस लिटरची बादली

गेल्या महिन्यात या सदरात बोअरच्या खाऱ्या पाण्यावर लिहिलं होतं, त्यात फ्लोराइडचा उल्लेख फक्त एका ओळीत होता, पण जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडची तर आलीच, नागपूरच्या आसपासच्या नव्या लेआऊटमधूनही आली. म्हणून आजचं अख्खं सदर याच विषयाला. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

आमच्या शाळेच्या बोरिंगच्या पाण्याचा रिपोर्ट आला, त्यात फ्लोराइड ३.० आणि अल्कलिनिटी ४०० लिहिलंय. पोरांच्या दातांवर पिवळे पट्टे दिसतात. नळयोजनेचं काम चालू आहे, पण पाणी येईपर्यंत काय करायचं? फिटकरीनं फ्लोराइड निघतं असं सगळे सांगतात, किती टाकायची ते मात्र कोणीच सांगत नाही. — एक शिक्षिका, वरोरा तालुका

मॅडम, तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तुम्ही रिपोर्टमधले दोन आकडे, फ्लोराइड आणि अल्कलिनिटी (म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद), लिहून पाठवले. बाकी बहुतेकांनी "पाण्यात फ्लोराइड आहे" एवढंच लिहिलंय आणि त्यावर उत्तर देता येत नाही. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. तुमचं ३ आहे, म्हणजे दुप्पट. मुलांना हे पाणी रोज पाजणं बरोबर नाही, पण घाबरून जायचंही कारण नाही कारण एवढं फ्लोराइड बादलीत काढता येतं.

पद्धतीचं नाव नलगोंडा. नाव तिकडचं, तेलंगणातल्या नलगोंड्याचं, पण शोधली आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं. ही संस्था १९५८ पासून नागपुरात आहे, १९७४ मध्ये तिला नीरी हे नाव मिळालं, आणि साठ-सत्तरच्या दशकात तिथल्या लोकांनी खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंवर ही पद्धत बसवली: फिटकरी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. वीज लागत नाही.

आता कृती नीट सांगतो, घाईत वाचू नका. झाकणाची प्लास्टिकची बादली किंवा ड्रम घ्या, वीस लिटरचा, आणि तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर एक साधी तोटी बसवून घ्या. तोटी वर का, तर खाली गाळ बसतो आणि पाण्यातून निघालेलं फ्लोराइड त्या गाळात असतं, तो पाण्यासोबत बाहेर यायला नको. मग दोन बाटल्या तयार करा. एका बाटलीत १०० ग्रॅम फिटकरी विरघळवून एक लिटर द्रावण करायचं. दुसऱ्या बाटलीत ५ ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात, हा पूर्ण विरघळत नाही म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची. तुमच्या पाण्याला, म्हणजे फ्लोराइड ३ आणि अल्कलिनिटी ४०० ला, लिटरमागे साधारण ४०० मिलिग्रॅम फिटकरी लागते आणि चुना तिच्या विसाव्या भागाइतका. वीस लिटरला हिशेब केला तर ८ ग्रॅम फिटकरी, ०.४ ग्रॅम चुना. बाटल्या वर सांगितल्या तशा केल्या असतील तर दोन्हींमधून ८० - ८० मिलिलिटर घ्यायचं, बस. औषधाच्या बाटलीचं माप वापरा, अंदाजपंचे ओतू नका.

आधी चुन्याचं पाणी टाका आणि ढवळा, मग फिटकरीचं. पहिलं एक मिनिट जोरात ढवळायचं, त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू, वरण ढवळतो तसं. पोहे भिजल्यासारखे पांढुरके गठ्ठे दिसायला लागतील, ते दिसले की समजा काम होतंय. जोरजोरात ढवळत राहिलात तर हे गठ्ठे फुटतात आणि मग खाली बसत नाहीत, बरेच लोक इथंच चुकतात आणि मग म्हणतात पद्धत चालत नाही. ढवळणं झालं की तासभर बादलीला हात लावायचा नाही. मग तोटीतून पाणी काढून स्वच्छ सुती कापडातून गाळा. ब्लीचिंग पावडर चिमूटभर टाकतात ती जंतूंसाठी, फ्लोराइडशी तिचा संबंध नाही.

अल्कलिनिटी का विचारायची, हे पण सांगतो. फिटकरी पाण्यातली अल्कलिनिटी खाते, तुमच्या डोसला जवळपास १९० खाल्ली जाईल आणि तुमच्याकडे ४०० आहे, म्हणजे भरपूर. पण एखाद्या गावात ती १२५ च असेल आणि त्यानं तुमचा डोस उचलून टाकला तर पाणी आंबट होईल आणि फिटकरीतलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात विरघळून राहील, ते पण प्यायला नको. म्हणून तुमचा आकडा दुसऱ्या गावानं वापरायचा नाही, आणि शेजारच्या बोरिंगलाही वापरायचा नाही.

किराणा दुकानात दाढीसाठी मिळतो तो फिटकरीचा खडा यासाठी नको, त्यात अ‍ॅल्युमिनियम कमी असतं, तेवढ्याच कामाला दीडपट लागेल. पाणीपुरवठ्याला वापरतात ती फिल्टर अ‍ॅलम मागा, पिवळसर लाद्या असतात, नागपूरला इतवारीत केमिकलच्या दुकानात विचारा किंवा ग्रामपंचायतीच्या टाकीवाल्याला विचारा तो कुठून आणतो. पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला चाळीस लिटर धरलं तरी महिन्याला अर्धा किलोच्या आसपास फिटकरी लागेल, खर्च म्हणून विचार केला तर फ्लोराइड काढायला यापेक्षा स्वस्त काही नाही. कपडे, आंघोळ, भांडी यांना बोरिंगचं पाणी बिनधास्त वापरा, त्वचेतून फ्लोराइड जात नाही.

उणीव पण सांगायला पाहिजे. पाण्यात सल्फेट वाढतं, तुमच्या डोसला लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळं चव थोडी बदलते आणि पोरं पहिले काही दिवस नाक मुरडतील. पाणी आधीच फार खारं असेल, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) दीड हजाराच्या वर, तर ही पद्धत तिथं नको. आणि रोज कोणीतरी करायला पाहिजे, हाच खरा खर्च. शाळेत एका जबाबदार माणसाला हे काम द्या आणि पंधरा दिवसांनी तोटीतल्या पाण्याचा नमुना पुन्हा तपासा, फ्लोराइडसोबत पीएच आणि अ‍ॅल्युमिनियम पण लिहून द्या.

बेसाला नवीन घर घेतलं. बोअर आहे, टीडीएस मीटरवर ३८० येतं म्हणजे पाणी चांगलंच ना? तरी आरओ लावावा का? — एक वाचक, नागपूर

टीडीएस मीटरला फ्लोराइड दिसत नाही. ते मीटर पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून एक आकडा दाखवतं, त्या ३८० मध्ये फ्लोराइड अर्धा आहे की तीन आहे हे त्याला कळूच शकत नाही. उलट ज्या खडकातलं पाणी मऊ असतं, कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त, तिथंच फ्लोराइड जास्त सापडतं. प्यायला गोड, साबणाला फेस छान, आणि रिपोर्ट आला की धक्का. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मीटर दाखवून "पाणी चांगलंय" म्हणणारे लोक भेटले की मला खरंच काळजी वाटते.

नागपूरची जमीन पण एकसारखी नाही. पश्चिमेकडे काळा बेसॉल्ट, पूर्वेकडे जुने स्फटिकी खडक, आणि फ्लोराइड मुख्यतः अशा जुन्या खडकांमधल्या खनिजांतून पाण्यात उतरतं. त्यामुळं मित्राच्या लेआऊटमधला रिपोर्ट तुमच्या कामाचा नाही. शहराच्या ज्या भागात पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी येतं त्यांना ही चिंता नाही, ते नदी-धरणाचं पाणी आहे. तुम्हाला नळाचं कनेक्शन मिळत असेल तर पिण्यापुरतं तेच घ्या, एवढ्यात विषय मिटला.

नसेल तर आधी तपासणी. अर्धा-एक लिटर पाणी प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत द्या, काचेच्या नको कारण फ्लोराइड काचेशी प्रतिक्रिया करतं. मोटर पाच मिनिटं चालवून मग बाटली भरा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत हे होतं. रिपोर्ट १ च्या खाली आला तर फ्लोराइडसाठी आरओ लावायची गरजच नाही, आरओ बरंच पाणी वाया घालवतो, उन्हाळ्यात बोअरला ते परवडत नाही. जास्त आला तर आरओ काम करतो, मेम्ब्रेन चांगलं असेल तर फ्लोराइडचा बहुतेक भाग काढतो. वाया जाणारं पाणी फरशी-संडासला वापरा, गाई-बकऱ्यांना पाजू नका, त्यात फ्लोराइड वाढलेलं असतं आणि जनावरांचे दात-हाडंही त्यानं खराब होतात. आणि आरओच्या जारचं पाणी घेत असाल तर जारवाल्याला रिपोर्ट मागा. नुसतं थंड असलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही.

पाणी उकळून, तांब्याच्या भांड्यात ठेवून किंवा तुळशीची पानं टाकून फ्लोराइड जातं का? शेवग्याच्या बिया? कँडल फिल्टर? — अनेक वाचक

उकळून जात नाही, वाढतं. पाणी वाफ होऊन जातं आणि फ्लोराइड मागे राहतं. तांब्यानं जात नाही, कँडलनं जात नाही, यूव्ही मशिननं जात नाही, साध्या कोळशाच्या फिल्टरनंही जात नाही, ही सगळी जंतू, गढूळपणा किंवा वासासाठीची साधनं आहेत. शेवग्याच्या बिया गढूळ पाणी निवळतात, ते काम त्या छान करतात, फ्लोराइडसाठी त्यांच्यावर विसंबू नका. तुळशीवर प्रयोगशाळेत काम झालंय, पण घरच्या माठात चार पानं टाकून ३ चा १ होईल असं मी कोणाला सांगणार नाही. पानं टाकलेलं पाणी लेकराला निर्धास्त पाजलं जातं, नुकसान तिथंच होतं.

आमच्या गावात एका योजनेतून घरोघरी फ्लोराइड फिल्टर वाटले होते, आत पांढरे दाणे आहेत. आता कोणी येत नाही, फिल्टर अजून चालू आहे, पाणी चांगलं लागतं. वापरावं का? — एक वाचक, झरी जामणी तालुका

ते दाणे अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचे आहेत. चीज चांगली आहे, नलगोंड्यापेक्षा वापरायला खूप सोपी, वरून पाणी ओता खालून घ्या. फ्लोराइड दाण्यांच्या अंगाला चिकटून राहतं. पण दाण्यांवरची जागा कधीतरी भरते, घरगुती फिल्टरमध्ये तीन किलोच्या आसपास दाणे असले तर पाण्यातलं फ्लोराइड आणि रोजचा वापर यानुसार साधारण दीड ते तीन महिन्यांत. त्यानंतर पाणी जसं आत जातं तसंच बाहेर येतं. चव, रंग, वास काहीच बदलत नाही, म्हणून तुम्हाला "चांगलं लागतं".

तुमचा फिल्टर इतके दिवस तसाच चालू असेल तर तो आज रिकाम्या डब्यासारखाच आहे असं धरून चाला. फेकू मात्र नका. दाणे कॉस्टिक सोड्यानं धुऊन मग सौम्य अ‍ॅसिडनं धुतले की पुन्हा कामाला येतात, असं बऱ्याच वेळा करता येतं. हे घरी, लेकरांच्या जवळ करायचं काम नाही, कॉस्टिकनं डोळा जाऊ शकतो. गावात दोन-तीन जणांना शिकवून, हातमोजे-चष्मा देऊन, एका ठिकाणी सगळ्या घरांचे दाणे धुवायची सोय केली तर ही पद्धत वर्षानुवर्षं चालते, आणि ती सोय न करता फिल्टर वाटले की काय होतं ते तुमच्याच पत्रात आहे. मला याचा राग येतो, कारण लोकांनी फिल्टर आहे म्हणून विहिरीवर जाणं बंद केलेलं असतं. ग्रामसभेत लेखी मागणी करा, "दाणे धुवायची व्यवस्था आणि महिन्याला तपासणी" या शब्दांत. पंचायतीकडे पाणी तपासायचं किट असतं, त्यात फ्लोराइडची टेस्ट रंग बघून होते, ती करायला पाच मिनिटं लागतात. ज्या घरात फिल्टर आहे तिथं आत जाणारं आणि बाहेर येणारं, दोन्ही तपासा.

हाडांच्या कोळशाबद्दलही एकानं विचारलंय. तो फ्लोराइड चांगला धरतो, केनिया-टांझानियात वापरतात. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात हाडं म्हटलं की बरीच घरं नको म्हणतील आणि त्यांच्यावर ते लादायचं कारण नाही.

वावरातल्या जुन्या विहिरीचं पाणी आणि बोरिंगचं पाणी यात फरक असतो का? पावसाचं पाणी साठवलं तर चालेल का? — एक शेतकरी, भिवापूर तालुका

दादा, माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या प्रश्नातच आहे. फ्लोराइड काढण्यापेक्षा फ्लोराइड नसलेलं पाणी शोधणं केव्हाही सोपं. उथळ विहिरीचं पाणी पावसानं दरवर्षी नवं होतं, खोल बोरिंगचं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, म्हणून पुष्कळदा एकाच गावात विहिरीत ०.८ आणि बोरिंगला ३ असं निघतं. नेहमीच निघेल असं नाही, म्हणून दोन्ही तपासा, आणि उन्हाळ्यात तपासा. विहीर चांगली निघाली तर गाळ काढा, कठडा बांधा, ब्लीचिंग पावडर टाका आणि पिण्यापुरती राखून ठेवा.

पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नसल्यात जमा. हिशेब करून पाहा: पाच माणसांना दिवसाला चाळीस लिटर, पावसाळ्यानंतरचे आठ महिने, म्हणजे दहा हजार लिटरची टाकी पुरते. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वीस चौरस मीटर टिनाच्या छपरावरून वाया गेलेलं सोडून सोळा हजार लिटर तरी मिळतं. छप्पर पुरतंय, अडचण टाकीच्या पैशाची आहे. पूर्ण टाकी जमत नसेल तर पाच हजारांची बांधा आणि अर्धं पावसाचं, अर्धं बोरिंगचं असं मिसळा, ३ चं फ्लोराइड १.५ वर येतं. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका, छपरावरची घाण जाऊ द्या. टाकी बंद आणि अंधारी ठेवा, तोंडाला जाळी लावा, नाहीतर डास होतील.

मुलगा ९ वर्षांचा आहे, दातांवर तपकिरी डाग आहेत. पाणी बदललं तर जातील का? सासूबाईंची मान आणि कंबर आखडते, ते पण यामुळंच का? खाण्यात काय द्यावं? — एक आई, किनवट

ताई, जे डाग आलेत ते पाणी बदलून जाणार नाहीत. दात हाडाच्या आत तयार होत असतात तेव्हाच फ्लोराइड आपलं काम करून जातं, साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत. डाग दिसायला नको असतील तर दातांचे डॉक्टर वरून उपाय करतात. पण लहान भावंडं असतील तर त्यांचे दात वाचवता येतात, पाणी आजच बदला. बाळाला आईचं दूध हे सगळ्यात चांगलं, त्यात फ्लोराइड अगदी कमी उतरतं. पावडरचं दूध बोरिंगच्या पाण्यात कालवू नका.

सासूबाईंचं पत्रावरून सांगता येत नाही, मान-कंबर आखडायची कारणं खूप असतात. आरोग्य केंद्रात तीन साध्या हालचाली करायला सांगतात: गुडघे न वाकवता पायाची बोटं धरणं, हनुवटी छातीला टेकवणं, हात डोक्यामागे नेणं. यातलं जमत नसेल तर लघवीतलं फ्लोराइड आणि हाताचा एक्स-रे बघतात. डॉक्टरांना "आमच्याकडे पाण्यात फ्लोराइड आहे" हे तुम्ही स्वतःहून सांगा, नाहीतर संधिवाताच्या गोळ्या चालू राहतात.

खाण्याचं महत्त्व मोठं आहे, कारण कॅल्शियम कमी असलेल्या लेकराला तेच पाणी जास्त बाधतं. दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, आणि सी जीवनसत्त्वासाठी आवळा, लिंबू, संत्रं. चिंच पण घ्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात शाळकरी मुलांना चिंच दिल्यावर लघवीतून जास्त फ्लोराइड बाहेर पडलेलं दिसलं. काळं मीठ आणि काळा चहा कमी करा, दोन्हीत फ्लोराइड असतं. घरात कोणी खर्रा खात असेल तर सुपारी-तंबाखूतूनही ते पोटात जातं, बाकीचं नुकसान तर तुम्हाला माहीतच आहे. हे सगळं पाण्यासोबत करायचं, पाण्याऐवजी नाही.

फिटकरीचा गाळ कुठं टाकायचा? आम्ही परसबागेत टाकतो. — बचतगटाच्या एक सदस्य, केळापूर तालुका

परसबागेत नको. बादलीच्या तळाशी जो पांढरा चिखल बसतो त्यात पाण्यातून काढलेलं सगळं फ्लोराइड असतं. विहिरीपासून, बोरिंगपासून आणि गुरांच्या जागेपासून लांब, उंचवट्यावर, तळाला जाड प्लास्टिक टाकून एक छोटा खड्डा करा, वरून झाकण ठेवा म्हणजे पावसाचं पाणी शिरणार नाही. गाळ तिथं वाळू द्या, वाळला की अगदी थोडा होतो. बचतगटाच्या सगळ्या घरांचा मिळून एकच खड्डा केला तरी चालेल, आणि बादली रोजच्या रोज धुवा, कालच्या गाळावर आजचं पाणी ओतू नका.